पत्रकात न आलेली बातमी

रुग्णालयाच्या तळघरात चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे हिरवे झगे धुऊन निघत. तिथल्या मुख्य बाईला सगळे ‘तडतडी’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाईटही वाटत नसे. तापल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडावेत तशी ती बोलायची. एखादी चादर डागासकट इस्त्रीच्या टेबलावर आली, की ती दोन्ही हातांनी उंच धरायची आणि अख्ख्या खोलीला विचारायची, “ही तुमच्यापैकी कुणाच्या आईच्या अंगाखाली घालू?” मग ती चादर पुन्हा धुवायला जायची, आणि पुढचे काही दिवस डाग शोधूनही सापडायचा नाही.

घरी मागच्या अंगणात मात्र तिचा आवाज वेगळा असे. तिथे तिच्या मधमाशांच्या दोन पेट्या होत्या. माशांशी ती इतकी हळू बोलायची, की नवरा म्हणे, “यातलं थोडंसं माझ्याशी बोललीस तर माझं रक्त वाढेल.” तो विजेची कामं करायचा. स्वभावाने थंड, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

माशांचं वेड तिला लावलं ते नवऱ्याच्या थोरल्या भावाने. त्यांचं रंगाचं दुकान होतं, आणि हौशी मधपाळ मंडळाचे ते वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणे, म्हणून तीही दादाच म्हणायची. एकदा ओल्या चादरींची गाठोडी उचलून तिची कंबर धरली आणि तिला बरेच दिवस घरी बसावं लागलं. तेव्हा दादा माशांची एक पेटी घेऊन आले आणि म्हणाले, “रिकामी बसून माझ्या भावाशी भांडण्यापेक्षा हे सांभाळ.” राणी कशी ओळखायची, पोळ्याची चौकट कशी उचलायची, धूर किती द्यायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. तिने त्यांना गुरूच मानलं होतं. पुढे जे झालं त्याचा तिला इतका संताप का आला, हे कळायला एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

मंडळाचं दर महिन्याला एक चार पानी पत्रक निघे. लिहायचे दादा, छापून आणायचे दादा, आणि पहिल्या पानावर ‘अध्यक्षांचे चार शब्द’ या नावाखाली चारशे शब्दही दादांचेच. आत मंडळाच्या सभा, सहली, मेणाच्या साबणाची कृती, नव्या सभासदांचं स्वागत. त्या वर्षी तर मोठा मधमेळावा भरायचा होता. बाहेरगावचे मधपाळ येणार, सगळ्यांच्या पेट्या मैदानात मांडणार, आणि मेळाव्यात दादांचा सत्कार. पत्रकाला दुसरा विषयच उरला नव्हता.

फुलांचा हंगाम सुरू होताना मंडळाच्या आवारात जुन्या सामानाची देवघेव झाली. दादांनी मोठ्या मनाने आपल्या चौकटींचा ढीग मांडला. बांधलेल्या पोळ्याच्या चौकटी माशांना आयत्या मिळाल्या की त्यांचे कष्ट वाचतात, म्हणून त्या नेहमीच हातोहात जात. बेकरीवाल्याने नेल्या, निवृत्त पोस्टमनने नेल्या. तडतडीला त्यांनी आपल्या हाताने निवडून दिल्या. “घरच्या माणसाला चांगल्यातल्या,” ते म्हणाले.

त्या चौकटी बसवल्यावर काही आठवड्यांनी तिने पेटी उघडली आणि वासानेच ती मागे सरकली. सरस शिजवताना येतो तसा कोंदट, सडका वास. पिल्लांच्या घरांवरची झाकणं आत बसलेली, काळपट, मधूनमधून भोकं पडलेली. तिने काडीपेटीतली काडी काढून एका घरात घातली आणि बाहेर ओढली. काडीबरोबर तपकिरी, चिकट तार ओढत आली. अळीचं अळीपण उरलं नव्हतं, नुसता शेंबूड. मधपाळाला याहून वाईट काही दिसू शकत नाही. हा रोग पोळ्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आणि एका पेटीतून दुसरीत माशा स्वतःच घेऊन जातात. औषध एकच, आग. काडीची ही परीक्षा तिला कुणी शिकवली होती? दादांनीच.

तिने दादांना बोलावलं. ते आले, त्यांनी पेटीत पाहिलं, पण काडी काही हातात घेतली नाही.

“थंडी होती ना मध्ये, त्याने मरतात अळ्या,” ते म्हणाले.

“दादा, थंडीने मेलेल्या अळीची तार येते?”

“राणी बदल. होईल ठीक.”

“तार बघा तरी! ही बघा!”

“मला दुकान उघडायचंय,” असं म्हणून ते निघालेसुद्धा. जाताना फाटकाशी थांबले. “आणि हे बघ, मेळावा तोंडावर आलाय. उगाच बोभाटा करू नकोस.”

तिच्या डोक्यात पहिली ठिणगी तेव्हा पडली. पण आधी करायचं ते करायलाच हवं होतं. दोन्ही पेट्यांत रोग होता. नवऱ्याने अंगणात खड्डा खणला. दिवस मावळताना, सगळ्या माशा घरी परतल्यावर, तिने पेट्यांची दारं चिंध्यांनी बंद केली आणि वरून पेट्रोल ओतलं. आतला आवाज एकदम चढला आणि मग बसला. त्यानंतर पेट्या खड्ड्यात उतरवून तिने काडी लावली. मेण भराभर पेटलं. नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवायला आला, तर म्हणाली, “मला हात नका लावू, नाहीतर मी रडेन.” आणि तरीही रडली.

दुसऱ्या दिवशी तिने दादांना निरोप धाडला, की पत्रकात एवढं एकच छापा : सडका रोग आलाय, देवघेवीतल्या चौकटी नेल्या असतील त्यांनी पेट्या उघडून बघा. “बघतो,” एवढंच उत्तर आलं.

पत्रक आलं ते तिच्या जेवणाच्या सुट्टीत. कपडे वाळवायच्या यंत्राला टेकून तिने ते वाचलं. पहिल्या पानावर सत्काराचा बेत. दुसऱ्यावर मेळाव्याच्या मंडपाचा रंग कोणता असावा याची चर्चा. तिसऱ्या पानावर एक चौकोन होता : ‘काही नवशिके सभासद पेट्यांची स्वच्छता नीट ठेवत नाहीत व नुकसान झाल्यावर इतरांकडे बोट दाखवतात. अशा भगिनींनी अनुभवी सभासदांचा सल्ला घ्यावा.’

तळपायाची आग मस्तकात गेली. भगिनींनी! मंडळात भगिनी होत्या किती? ती, आणि फक्त मेणबत्त्यांपुरती येणारी एक बाई. स्वच्छता! जिच्या हाताने धुतलेल्या चादरीवर शस्त्रक्रिया होतात तिला स्वच्छता शिकवायची? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तिने एप्रन काढून फेकला आणि हाताखालच्या बाईला म्हणाली, “मी आले. डाग राहिला तर तुझं काही खरं नाही.”

रंगाच्या दुकानात दादा गिऱ्हाइकाला निळ्याच्या छटा दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली. एवढा मान तिने राखला.

“भगिनी म्हणजे कोण, दादा?”

“सर्वसाधारण सूचना आहे ती.”

“चौकटी तुमच्या होत्या.”

“पुरावा?”

“पुरावा! मी तुमच्याकडे कोर्टात आलेय का? घरचं माणूस म्हणून आलेय. त्या चौकटी रोगट पेटीतल्या होत्या हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, एवढंच सांगा.”

दादा डब्यांच्या कडा फडक्याने पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं घरात राहू दे. माझी इतक्या वर्षांची अब्रू आहे.”

“आणि माझ्या माशा काय उधारीच्या होत्या?”

त्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिला तेच जास्त लागलं. माणूस चुकतो, एक वेळ समजू शकतं. पण जाणून-बुजून रोग वाटायचा, वर हसत “घरच्या माणसाला चांगल्यातल्या” म्हणायचं!

घरी नवरा म्हणाला, “जाऊ दे गं. दादा आहे तो.”

“अहो, तुमचा दादा आहे म्हणूनच म्हणते. परका असता तर मी एव्हाना त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं.” तिने स्कूटरची चावी त्याच्यापुढे धरली. “पत्रकात येत नाही ना? मग मी तोंडाने सांगते. चला.”

आणि तो बिचारा निघाला. दोघं सभासदांच्या घरोघरी फिरली. पोस्टमनने त्याच क्षणी पेटी उघडली, काडी घातली आणि मटकन पायरीवर बसला. बेकरीवाल्याने दार अर्धंच उघडलं. “ताई, माझ्याकडे काही नाही, आणि असलं तरी तुम्ही ओरडू नका. लोक माझा पाव घेणार नाहीत.” तिने त्याला सुनावलं, “माशांचा रोग माणसाला होत नाही. अक्कल नसल्याचा होतो.” दार आपटलं गेलं.

मासिक सभेत दादांनी मेळाव्याचा विषय काढताच ती उठून उभी राहिली. आवाज चढवायचा नाही असं घरून ठरवून आली होती. तो निश्चय ‘माननीय अध्यक्ष’ या दोन शब्दांपर्यंत टिकला. पुढे सगळं बाहेर पडलं : वास, तार, खड्डा, आणि तो पत्रकातला चौकोन. मग पोस्टमन उठला आणि म्हणाला, “माझ्याही गेल्या.” त्यावर एकदम कालवा झाला. कुणी म्हणे मेळावा रद्द करा, कुणी म्हणे या बाईने मंडळाचं नाव घालवलं. अखेर ठरलं, की सगळ्यांच्या पेट्या तपासायच्या आणि सुरुवात अध्यक्षांपासून करायची.

“माझ्या पेट्या तपासायच्या म्हणजे माझ्यावर अविश्वास,” दादा म्हणाले. “माझ्या फाटकातून कुणी आत येणार नाही.” आणि ते सभा सोडून गेले.

रविवारी सकाळी तडतडी, पोस्टमन आणि आणखी दोघे सभासद दादांच्या घरापुढे उभे राहिले. फाटकाला कुलूप होतं. आतून दादांचा आवाज आला, “मी पोलिसांना बोलावीन!” तडतडी फाटक धरून हलवायच्या बेतात होती, तेवढ्यात बाजूच्या गल्लीत उघडणारं मागच्या अंगणाचं दार वाजलं. जाऊबाई बाहेर आल्या होत्या. ही बाई आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. ती मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिच्या हातात धूर करायचा डबा होता, पेटवलेला.

“इकडून या,” त्या म्हणाल्या. “मीच ठेवलंय उघडं.”

दादा मागच्या अंगणात धावत आले. “तुला काय वेड लागलंय?”

“गेल्या हंगामात एक पेटी तुम्ही जाळलीत,” जाऊबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. “मला म्हणालात, राणी गेली. राणी गेली म्हणून कुणी पेटी जाळतं? पेटीच्या वरच्या कप्प्यातल्या चौकटी तेवढ्या काढून ठेवल्यात, त्यात नुसता मध होता, त्यांना काय होतंय म्हणालात. मी गप्प बसले. हिच्या अंगणातला धूर मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.”

पोस्टमनने पहिली पेटी उघडली. काडीबरोबर तार आली.

तिथे जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तडतडीला झाला नाही. दादा कपडे धुवायच्या दगडावर बसले होते आणि एकाएकी फार म्हातारे दिसत होते. ते बघून तिचा राग कमी झाला म्हणाल तर तेही नाही. उलट वाढला. एका ओळीची बातमी छापली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, पोस्टमनच्या माशा वाचल्या असत्या, आणि हा माणूस तिचा गुरू राहिला असता. तिने ते त्यांना तोंडावर सांगितलंही. “आमच्या माशा तर नेल्यातच, दादा, पण तुम्ही माझे दादाही नेलेत.”

मेळावा रद्द झाला. निम्म्या सभासदांच्या पेट्या जाळाव्या लागल्या. बेकरीवाल्याचीसुद्धा, आणि त्याने ती तिलाच बोलावून जाळली, कारण त्याचा हात उचलेना. काही जण रस्त्यात तिला पाहून मान वळवतात. रोग तिने आणला नाही हे त्यांना पटतं, पण बातमी तिने आणली हे ते विसरत नाहीत. दादांनी अध्यक्षपद सोडलं. तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसतो. ती त्याला अडवत नाही आणि परत आल्यावर काही विचारतही नाही. जाऊबाई मात्र आता अधूनमधून एकट्याच येतात आणि पूर्वी कधी बोलल्या नाहीत एवढं बोलतात.

मंडळाने तिला अध्यक्ष व्हा म्हटलं. ती म्हणाली, “खुर्ची तुमची तुम्हाला लखलाभ. मला पत्रक द्या.” आता पत्रकाच्या पहिल्या पानावर रोगाच्या बातम्या असतात, कुणाच्या पेटीत काय निघालं ते मालकाच्या नावासकट. पहिल्या अंकात सगळ्यांत वर तिचं स्वतःचं नाव होतं. पत्रक वाचताना सुतक आल्यासारखं वाटतं, अशी तक्रार पुष्कळांची आहे.

परवाच तळघरात यंत्रांच्या घरघराटात तिचा फोन वाजला. पलीकडे एक जुने सभासद होते.

“ताई, माझ्या एका पेटीत जरा गडबड दिसतेय. पण नाव नका छापू हं.”

“छापणार.”

“अहो, मुलीचं लग्न ठरतंय…”

“मुलीचं लग्न माशांशी ठरतंय का?” ती ओरडली, आणि इस्त्रीवाल्या दोघी बायका हातातलं काम टाकून बघू लागल्या. “काडी घातली का? तार येते का? आधी ते सांगा!”