पाय वर घेऊन लावलेला ब्रेक

मोटारीच्या ब्रेकविषयी मी लिहितो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. मला आजही मोटार चालवता येत नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं आपण काही लिहिणं हाच मला आगाऊपणा वाटतो. पण ही हकीकत ज्यांनी पाहिली, त्यांच्यातलं दुसरं कुणी लिहिण्याच्या भानगडीत पडणार नाही. म्हणून धीर करतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कोल्हापुरात दुधाचा धंदा करणाऱ्या एका मालकांची मोटार चालवायचे. मोटार जुनी, काळी, पण मालकांचा तिच्यावर भारी जीव. दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर दर्शन, उतरल्यावर पायथ्याच्या गोठ्यात म्हशींची विचारपूस, मग घर, असा त्यांचा नेम होता.

मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो त्या साली मोटारीला एक खोड लागली. चालताना ती शहाण्यासारखी चालायची, पण ब्रेकवर पाय ठेवला की थरथरायला लागायची. मागच्या सीटवर बसलेल्या मालकांच्या तोंडातलं पान धोतरावर यायचं.

निदान मालकांनीच केलं. "गड्या, गाडी न्हाय, तुजा पाय थरथरतोय. वय झालं तुजं."

मालक मनानं वाईट नव्हते. त्यांनी आप्पांना तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांकडे पाठवलं. वस्तादांनी आठवडाभर आप्पांचा उजवा पाय पैलवानाचा असल्यासारखा रगडला. तेलानं तो एकटाच चकाकायला लागला. आई म्हणाली, "दुसऱ्या पायानं काय पाप केलंय? त्येला पण बोट लावा की." मोटार मात्र थरथरतच राहिली, उलट आता तेलकट पाय पेडलवरून सटकायचा.

मग आप्पांच्या जागी मालकांच्या मेहुण्याच्या मुलाचं नाव निघालं. त्यानं नुकतंच लायसन काढलं होतं आणि तो सावलीतही गॉगल घालायचा. आप्पा जेवताना अर्धी भाकरी ठेवून उठायला लागले. ती नोकरी गेली असती तर माझं कॉलेजही गेलं असतं. घरात हे कुणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

एके दिवशी आप्पा मालकांना म्हणाले, "मालक, एकदा माझ्या पोराला बघू द्या. सायन्सला हाय त्यो."

मी तिथंच उभा होतो. आमचं सायन्स तोवर लंबकापर्यंत पोचलं होतं. पण आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते सांगता आलं नाही. आमचे सर एक गोष्ट नेहमी सांगायचे, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेवढ्या भांडवलावर मी रविवारी मोटारीत बसलो.

पहिल्यांदा ड्रायव्हर बदलला. मेहुण्याच्या मुलानं गॉगल सारखा केला, मोटार पळवली आणि ब्रेक दाबला. धडधडधडधड! गॉगल नाकावर आला.

"आयला, ह्येचाबी पाय गेला?" मालक म्हणाले. "उद्यापास्नं तूबी तालमीत जा."

आता पायच काढून टाकायला हवा होता. मी चाचरत विचारलं, "मालक, हातानं ओढायचा ब्रेक असतो, त्यानं थांबवून बघूया का? पायाचा संबंधच नको."

रस्ता मोकळा होता. आप्पा परत स्टेअरिंगवर बसले. बैलगाडीच्या वेगानं मोटार चालली. त्यांनी दोन्ही पाय उचलून जेवायला बसल्यासारखी मांडी घातली आणि हातब्रेक हळूहळू ओढला. मोटार धडधडली. मालक पुढे वाकून आप्पांच्या मांडीकडे बघत राहिले.

"पाय तर वर हाईत की रं!"

"आणि स्टेअरिंग हालत न्हाय, मालक," आप्पा म्हणाले. "नुसती सीट हालतीया."

हातब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे खोड मागच्या चाकांत होती. पण मागच्याच का, हे काही कळेना.

ते दर्शन आटोपून गोठ्यात पोचल्यावर कळलं. मालक दर रविवारसारखे मागच्या दारातून उतरले, हौदातली बादली उचलली आणि एकेक करून दोन्ही मागच्या चाकांवर पाणी ओतलं. चर्रर्र करून वाफ उठली. डोंगर उतरून ब्रेक तापलेले होते. मालक गड्यांकडे बघून म्हणाले, "ऐकलं काय? किती राबलीय बघा!"

मला आईचा बिडाचा तवा आठवला. तापल्या तव्यावर गार पाणी टाकलं तर आई लाटणं घेऊन मागं लागायची. तवा वेडावाकडा होतो, तडकतो; ब्रेकच्या लोखंडाचंही तसंच झालं असणार. पण मालकांना हे तोंडावर कसं सांगायचं? मी म्हशींकडे बघत विचारलं, "मालक, म्हैस धापा टाकत आली तर लगेच अंगावर पाणी घालता?"

"येडा हाईस काय? आदी दम खाऊ देतो की!"

एवढं बोलून त्यांनी रिकाम्या बादलीकडे बघितलं. मग म्हणाले, "लोखंडाला कसला दम?" पण आवाज जरा उतरला होता.

ठरलं असं की मागचे दोन्ही ड्रम, म्हणजे चाकांतल्या ज्या लोखंडी डब्यांना आतून ब्रेक घासतो ते, काढून मिस्त्रीकडे लेथवर घासून सारखे करून घ्यायचे. तरीही थरथर राहिली, तर आप्पांनी घरी बसायचं. ड्रम निघाले, आणि त्याच दिवशी मला कॉलेजच्या श्रमदान शिबिराला गगनबावड्याला जावं लागलं. तिथं मी दगड उचलायचो आणि येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे बघायचो. मुलं विचारायची, "कोण येणार हाय रं? पावणं काय?" मी पुढचा दगड उचलायचो. आमच्या तव्याची गोष्ट लोखंडाच्या ड्रमला लागू पडते की नाही, हे कुठल्या पुस्तकात बघावं तेही मला माहीत नव्हतं.

एका दुपारी एसटी थांबली. आप्पांच्या ओळखीचे कंडक्टर दारातूनच ओरडले, "ए सायन्स! तुज्या बापानं निरोप दिलाय. पाय बरा हाय म्हणालाय!"

घंटी मारता मारता त्यांना आणखी आठवलं. "आणि तुजं मालक गोठ्यात गाडीला सावलीत दम खायला लावत्यात म्हणं. तवर कुणाला बादलीला हात लावू देत न्हाईत!"