टोपीखालचं एक मिनिट

भिकनचं नाव भिकन का, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. आधीची तीन लेकरं हाताला लागली नाहीत, म्हणून चौथं झालं तेव्हा आईनं पाच घरी पदर पसरून त्याला भिकेत मागून घेतलं. मागून आणलेल्या पोरावर यमाची नजर जात नाही म्हणतात. सुरतेत मात्र हे नाव ऐकून उधना भागातल्या लूमखात्यातला, म्हणजे यंत्रमागांवरचा, शेठ हसला होता. तेव्हा भिकनने त्याला तोंडावर सांगितलं की शेठ, मागून आणलेला माणूस परत करता येत नाही, जरा जपून बोला. पोटासाठी पारोळा सोडून आलेला, अंगावर एकच सदरा, आणि ही जीभ. पण खोटं कशाला बोला, त्या जिभेमुळेच तो पुढं आला आणि त्या जिभेमुळेच दर दोन वर्षांनी कुणाशी तरी त्याचं फाटलं.

बारा वर्षं त्याने बारा-बारा लूम चालवले. तिथं कानांचं भरीत होतं. माणसं हातवारे करून बोलतात आणि घरी गेल्यावर बायकोवर उगाच ओरडतात. मग अठ्ठ्याऐंशी साली त्याने लूम सोडला, व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि पर्वत पाटिया भागात दहा बाय आठचं दुकान टाकलं. आपल्या समाजाच्या मंडळाने एक्याण्णव साली सामूहिक लग्नं सुरू केली, तेव्हापासून आठ वर्षं त्या मांडवातली सगळी शूटिंग भिकनची.

आता इतर व्हिडिओवाले कसे, स्टेजवर पुढारी आला की कॅमेरा चालू, आणि आहेर सुरू झाला की बिडी प्यायला बाहेर. भिकनचं उलटं. भाषणात तो कॅमेरा भिंतीकडे करायला कमी करायचा नाही, पण आहेराची रांग लागली की पाय रोवून उभा. आपल्याकडे आहेर म्हणजे काय, प्रत्येक पाहुण्याला कुंकू लावायचं, टोपी घालायची, टॉवेल द्यायचा आणि माईकवरून गावासकट नाव पुकारायचं. दोनशे माणसं, दोनशे टोप्या. बघणाऱ्याला कंटाळा येतो, हे खरं. पण भिकनच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याने त्याच्या बापाला हाताने बाजूला सारलं होतं, म्हातारबा, फ्रेममधून सरका म्हणून. बाप सरकला आणि पुढच्याच साली गेला. एकाही फोटोत तो नाही. म्हणून आहेराच्या रांगेतलं एकही तोंड भिकनने कधी सोडलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या भादव्यात तापी घरात शिरली तेव्हा त्याने टीव्ही सोडला, मिक्सर सोडला आणि मंडळाच्या सोळा कॅसेटींची ट्रंक डोक्यावर घेऊन गच्ची गाठली. तरी काही कॅसेटींत गाळाचं पाणी गेलंच. पुढचा महिनाभर तो आणि भागीरथी एकेक कॅसेट उघडून फीत पुसत बसले. भागीरथी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की माझी लुगडी वाहून गेली त्याचं काही नाही, आणि लोकांच्या लग्नाला पावडर लावतोय. पण पुसायची तीच जास्त.

तरी फितीला बुरशी धरायला लागली. म्हणून नव्याण्णवच्या दिवाळीत मंडळाने ठरवलं की सगळ्या कॅसेटी सीडीवर घ्यायच्या आणि डिसेंबरच्या मेळाव्यात दाखवायच्या. भिकनने कतारगामच्या किरणकडून कम्प्युटर आणला. किरण आपलाच, पण जन्म सुरतेतला, त्यामुळे बोलणं अर्धं गुजराती. महिनाभर खपून भिकनने सोळाही कॅसेटी कम्प्युटरात उतरवल्या. पण त्या फाइली सीडीच्या प्लेयरवर चालत नाहीत, त्यांची जात बदलावी लागते. किरणने दाखवलं की सगळ्या फाइली एका यादीत टाका, एकच बटन दाबा, मशीन आपोआप एकामागून एक बदलत जाईल. चार दिवस लागतील, तोवर हात लावू नका. भिकनला हे लगेच पटलं. लूमवर याला लॉट म्हणतात. एकदा लॉट लावला की माणसाने नुसतं फिरत राहायचं.

बटन दाबायच्या आधी मंडळाचे अध्यक्ष योगेंद्रभाऊ दुकानात आले. सेंटरिंगचे ठेकेदार, आता वॉर्डातून उभं राहायची हवा डोक्यात गेलेली. त्यांनी सांगितलं की एका सालाची एकच सीडी झाली पाहिजे, भाषणं घे, सत्कार घे, मंगलाष्टकं घे. टोप्या-टॉवेलाची ती रांग कोण बघणार, ती काढून टाक. त्र्याण्णवच्या दुसऱ्या कॅसेटीत तर पूर्ण एक मिनिट काळंठिक्कर पडलेलं आहे, लोक म्हणतील मंडळाला शूटिंग करता येत नाही. सीडी झाल्या की कॅसेटी रद्दीत.

ते काळं मिनिट ऐकून भिकनचं टाळकं सरकलं. कारण तसंच होतं.

त्र्याण्णव साली माईकवर मारुती होता. सुरतेजवळच्या सचिन गावी रंगाच्या कारखान्यात कामाला, पण आवाज असा की मांडवाच्या बाहेरचा बैल मान वळवायचा. त्याने सगळी रांग पुकारली आणि शेवटी भिकनला म्हणाला की तुमचा मान राहिला, कॅमेरा ठेवा. भिकन कॅमेरा ठेवीना. तेव्हा मारुतीने हसत हसत टोपी कॅमेऱ्यालाच घातली. झालं, चित्र काळं. माईक मात्र चालूच होता, आणि त्या अंधारात मारुतीने बायकोला हाक मारली. नावाने. आपल्यात चार माणसांत बायकोचं नाव कोण घेतं? अख्खा मांडव हसला. पुष्पाबाई भांड्यांच्या ढिगाआड तोंड लपवून बसली. त्यानंतर चौथ्या महिन्यात मारुतीला कावीळ झाली आणि तो गेला. घरात त्याचा एक फोटो आहे, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. आवाज कुठंच नाही.

पुष्पाबाई आठवड्यापूर्वीच दुकानात येऊन बसली होती. आता तिची सुवर्णा सात वर्षांची, बाप गेला तेव्हा मांडीवर होती. पुष्पाबाई मान खाली घालून म्हणाली, "भिकनभाऊ, चार वर्षांच्या संसारात त्यांनी माझं नाव एकदाच घेतलं. ते पोरीला ऐकवायचंय." भिकनने तिला शब्द दिला.

तेव्हा योगेंद्रभाऊंना त्याने सरळ सांगितलं, "दादा, भाषणं काप म्हणाल तर कापतो. आहेर कापणार नाही. ते काळं मिनिट तर मेलो तरी नाही."

योगेंद्रभाऊ उठले. कॅसेटी मंडळाच्या आहेत, तुझ्या बापाच्या नाहीत, शनिवारी ट्रंक माझ्या घरी आणून टाक, रिंगरोडवरचा स्टुडिओ तासाभरात काम करेल, एवढं बोलून ते गेले. भिकननेही ठणकावलं की ट्रंक शनिवारी मिळेल, शब्द म्हणजे शब्द. आणि ते गाडीत बसायच्या आत त्याने सोळाही फाइली यादीत टाकल्या, अख्ख्याच्या अख्ख्या, आणि बटन दाबलं. नवी फाइल झाली की जुनी पुसून टाकायची, हीही खूण त्याने केली, कारण कम्प्युटरात जागा तेवढीच होती. कुणाच्या बापाला विचारायला तो गेला नाही.

चार दिवस तो स्टुलावरून हलला नाही. भागीरथी डबा तिथंच आणून द्यायची. मशीन एकदाही थांबलं नाही, आणि भिकनच्या जिवाला तेच बरं वाटत होतं. कारण लूमचं शास्त्र असं, की धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. थांबला नाही म्हणजे कापड सरळ निघतंय. शुक्रवारी लॉट संपला तेव्हा त्याने प्रत्येक फाइल थोडी थोडी चालवून बघितली, अगदी लूमवरच्या कापडाचा तागा तपासतात तशी, डोळ्यांनी. कुठं डाग नाही, कुठं फट नाही. स्पीकर लावायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बारा वर्षं ज्याने आवाजाकडे कान बंद करून काम केलं, तो माल नजरेनेच तपासणार. शनिवारी त्याने ट्रंक नेऊन योगेंद्रभाऊंच्या ओट्यावर ठेवली आणि पावती मागितली, इतका तो खुशीत होता.

रविवारी सकाळी पुष्पाबाई सुवर्णाला घेऊन आली. पोरीला नवा फ्रॉक, तेल लावून दोन वेण्या. भिकनने स्पीकर जोडला, त्र्याण्णवची दुसरी फाइल लावली. रांग दिसली, टोप्या दिसल्या, माईक हातात घेतलेला मारुती दिसला. त्याचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

भिकनने स्पीकर हलवला, वायर काढली, लावली, दुसरी फाइल लावली. पहिल्या चारांत आवाज होता, पाचवीपासून पुढं सगळ्या मुक्या. पाचवीची फीत पुराच्या पाण्यात सुरकुतलेली होती. तिथं मशीन अडखळलं आणि थांबायच्या ऐवजी आवाज टाकून देऊन पुढं चालू लागलं. जुन्या फाइली त्यानेच पुसायला सांगितल्या होत्या. कॅसेटी त्यानेच नेऊन दिल्या होत्या. सुवर्णाने विचारलं की बाबा काय म्हणताहेत, आणि भिकनला वाटलं की तापीने आपल्यालाच तेव्हा नेलं असतं तर बरं.

भागीरथीने मात्र कपाळाला हात लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "आपला मानसं शेतस त्या. जा, ट्रंक लई या." आपलीच माणसं आहेत ती, ट्रंक घेऊन या, असं.

मेळावा त्याच दुपारी मंडळाच्या मैदानात होता. चारशे माणसं, स्टेजवर मोठा टीव्ही, खुर्च्यांवर पाहुणे. ट्रंक स्टेजच्या मागेच होती, रिंगरोडवाल्याचा माणूस तासाभरात सीडी करून द्यायला ती न्यायला आलेला. भिकन खांद्यावर आपला व्हीसीआर घेऊन मधल्या वाटेने सरळ स्टेजवर चढला. मागून पुष्पाबाई, तिचा हात धरून सुवर्णा, आणि सगळ्यांच्या मागे भागीरथी वायरीचं भेंडोळं घेऊन. योगेंद्रभाऊंनी दबक्या आवाजात विचारलं की हा काय तमाशा.

भिकनने माईक घेतला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, मी माल कानाने तपासला नाही. सहा सालांच्या आहेराचा आवाज आता फक्त या ट्रंकेत उरला आहे आणि ती रद्दीत चालली आहे. "ज्यांना ज्यांना या मांडवात टोपी घातली गेली, त्यांनी हात वर करा," तो म्हणाला. "तुम्हाला कापून टाकायचं म्हणताहेत."

आधी एक हात वर झाला. मग चार. मग किती, ते कुणी मोजलं नाही. योगेंद्रभाऊंनी माईक ओढायला हात पुढं केला, पण निवडणूक डोळ्यांसमोर होती आणि वर झालेला प्रत्येक हात मतदाराचा होता. एवढं गणित त्यांना येत होतं. ते हसल्यासारखं करून म्हणाले की दाखव, पण ते काळं तेवढं पुढं सारून घे, पाहुणे बसलेत.

पुष्पाबाई आजवर कधी पुरुषांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती टीव्हीला पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "पुढं सारून दाखवा."

कुणी पुढं सारलं नाही. पुष्पाबाई कडेला झाली आणि भिकनने कॅसेट घातली. फीत खरखरली, चित्र हललं, मग रांग सरकू लागली. माणसं आपलं आपलं तोंड शोधू लागली, कुणाची मेलेली आई, कुणाचा गावी परत गेलेला भाऊ. मारुतीचा आवाज मैदानभर घुमत होता, एकेक गाव, एकेक नाव. भिकनला पहिल्यांदाच वाटलं की आपले कान अजून शाबूत आहेत.

मग टीव्हीतला मारुती म्हणाला, "पारोळ्याचे भिकन. कॅमेरा ठेवा आप्पा, तुमचा मान राहिला. नाही ठेवत? मग घ्या." आणि टीव्ही काळा झाला. स्टेजवर बसलेला एक पाहुणा चुळबुळला. चारशे माणसं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. आत भांडी वाजली, कुणीतरी खोकलं, आणि मारुती अगदी घरात बोलावं तसा बोलला, "पुष्पा, घोटभर पाणी आण गं. घसा सुकला."

त्या वेळचा मांडव हसला, तो हशाही टीव्हीतून आला. या वेळी कुणी हसलं नाही. सुवर्णाने आईकडे बघितलं.

पुष्पाबाई टीव्हीशेजारून हलली. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यांतला एक तिने उचलला, योगेंद्रभाऊंच्या पुढचाच, आणि नेऊन टीव्हीपुढं ठेवला.

"आणलं," ती म्हणाली.