निम्म्या गोळ्या आक्कांना

जवळ ये गं पोरी. शिरोळात बसून तुला माझं ऐकू यायचं न्हाय, म्हणून हा कागद तरी डोळ्याजवळ धर आणि माझी बोलणी खा. तुझी आई सांगत होती, पोटाच्या गोळ्या चौथ्या दिवशीच सोडल्यास. का, तर आता दुखत न्हाय.

मीही असंच केलं होतं, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. बावड्यात आमच्या दारात मिरची कांडपाचं यंत्र होतं. पोटात आग पडायला लागली तसं सगळ्यांनी चटणीवर बोट ठेवलं. वर्षभर मी दूधभातावर काढलं. लोकांच्या चटणीत मूठमूठ लसूण घालायचा आणि आपण बेचव गिळायचं. आग होती तशीच. शेवटी दवाखान्यात नळी घालून आत बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, चटणीनं त्रास वाढतो, पण मूळ दुखणं तिचं नव्हे. जठरात जंतू बसलाय."

"एवढ्या आंबटात जगतो?"

त्यांनी कागदावर चित्रच काढलं. जठराच्या आतल्या कातडीवर भेंडीच्या तारेसारखा बुळबुळीत थर असतो, आम्लापासून राखणारा. जंतू त्याच थरात दडतो. कातडीच्या पेशींना त्याचा सुगावा लागला की त्या पांढऱ्या पेशींना सांगावा धाडतात. त्या धावत येऊन मारा करतात, पण जंतू आडोशाला. मार बसतो कातडीलाच. तिथं सूज येते, मग जखम पडते.

"म्हणजे राखणदारच घर फोडतोय की."

"जंतू गेल्याशिवाय तो थांबायचा नाही," म्हणत त्यांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, आक्कांच्याही पोटात तशीच आग. लुगडं असो की आंबे, आम्ही सगळं वाटून घेणाऱ्या. मी म्हटलं, "आक्का, ह्यातल्या निम्म्या तुमच्या." आठवड्यात दोघी ठणठणीत. दोन महिन्यांत आग परत.

दवाखान्यात मी मोठ्या तोऱ्यात वाटणी सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, कच्चे जंतू मेले. उरलेत ते तालमीत तयार झालेले, ह्या गोळ्यांना दाद न देणारे. आता औषध बदलावं लागेल. आणि त्या जाऊबाईंना तपासायला आणा. तुमच्या गोळ्या त्यांना द्यायच्या नाहीत."

"आल्येय की," आक्का दारातनं म्हणाल्या.

त्यांच्यातही तोच जंतू निघाला. मग आपापली पाकिटं घेऊन आम्ही समोरासमोर बसायचो. तोंड कडू पडायचं, मळमळायचं. दहाव्या दिवशी आक्का म्हणाल्या, "बरं वाटतंय की गं, आता कशाला?" मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्या गिळेपर्यंत जागची हलले न्हाय. पुढं तपासणीत दोघी निर्मळ निघालो. माझ्या हातची चटणी मी आजही खाते.

तेव्हा आजच डॉक्टरांना गाठ, गोळ्या मधेच सोडल्याचं खरं सांग, आणि म्हणतील तेवढं औषध पुरं कर. मग रिकामी पाकिटं दाखवायला लवकर ये, चटणी-भाकरी वाढते. त्याआधी आलीस तरी चालेल. दूधभात हायच.