तळमजल्यावरचं स्कॉटिश गाव

आमच्या घरात मालिका बघणं जवळजवळ गुन्हाच होता. आईबाबा दोघंही युनियनचे, मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. "मालिका म्हणजे माणसांना गप्प बसवायचं औषध," असं बाबा म्हणत, आणि त्यांचं हे मत मी नेदरलँड्समधल्या लायडनपर्यंत जपून आणलं होतं.

इथे मी राहते त्या इमारतीत तळमजल्यावर सगळ्या भाडेकरूंची मिळून एक खोली आहे. कॉफी, पत्ते, मुलांचे वाढदिवस तिथेच होतात. ती बंद करून सायकली ठेवायच्या, असं मालकांनी ठरवलं. मी भाडेकरूंच्या सभेचं पत्रक काढलं आणि प्रत्येक पत्रपेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी खालची शेजारीण माझं पत्रक घेऊन दारात उभी. सत्तरी ओलांडलेली, ताठ.

"माझ्या पेटीवर कागद नकोत असा स्टिकर आहे. दिसला नाही?"

"दिसला. पण तो जाहिरातींसाठी असतो. हे पत्रक आहे."

"जाहिरातवालेही असंच म्हणतात."

इमारतीत सगळ्यात जुनी भाडेकरू तीच. ती सभेत बोलली तर मालकांना ऐकावंच लागणार होतं. मी गळ घातली.

"गुरुवारी चारला ये, बघू. तेव्हा मी मालिका बघते. मध्ये बोलायचं नाही."

मालिका स्कॉटलंडमधल्या एका बंदरावरच्या गावाची. वर्षानुवर्षं चाललेली, आता कधीचीच संपलेली. तिकडे लग्न होऊन गेलेली बहीण हिला भागांच्या व्हिडिओ टेप पाठवायची. मी थोडा वेळ कळ काढली.

"हा जमीनदार इतका प्रेमळ कसा? मग भाडं वसूल कोण करतं?"

"शू. तो पुढे वाईट वागणार आहे."

"कधी?"

"कळेल."

म्हणून मी पुढच्या गुरुवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. बाबांना फोनवर सांगितलं, सभेची तयारी चालू आहे.

सभेसाठी मी तिला मुद्दे लिहून दिले होते. तिने ते पर्समध्ये टाकले आणि उभी राहिली. "मी बघते त्या मालिकेत एकदा गावाचा हॉल बंद केला. मग जो तो आपल्या स्वयंपाकघरात बसून एकटाच बडबडू लागला. इतकं रटाळ काहीच नव्हतं. शेवटी लिहिणाऱ्यांनाच हॉल परत उघडावा लागला. तुम्हीही उघडाल. मग बंद कशाला करता?"

मालकांचा माणूससुद्धा हसला. मग एकेकजण त्या खोलीत काय काय घडलं ते सांगू लागला, आणि सभा संपेना. शेवटी सायकलींसाठी मागे शेड बांधायचं ठरलं.

आता दर गुरुवारी मालिका त्या खोलीतच लागते. जमीनदारावर मी अजूनही बोलते, आणि आता सगळी खोली मला शू करते.

गेल्या गुरुवारी त्याने अखेर एका म्हाताऱ्या कोळ्याला घराबाहेर काढलं. टाळ्या वाजवणारी मी एकटीच.

"सांगितलं होतं ना," शेजारीण म्हणाली. "आता बस खाली."