वरचं हँडिकॅप

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे माझ्या मिस्टरांचे सख्खे भाऊ, राहतात कासारवाडीला आणि बोलतात रेसकोर्सचं. मराठी येतं हो त्यांना, पण वापरत नाहीत. नातवाला शेजारच्या पोरापेक्षा एक मार्क जास्त पडला की फोटो फिनिश. सून माहेरी जाऊन परत आली की स्टेबलला आली. मिस्टर शेवटचे दवाखान्यात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाले, "वहिनी, दादा लास्ट फर्लांगला आहे." त्या फर्लांगाला मी अजून माफ केलेलं नाही.

आणि एवढं सगळं बोलणारा हा माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नाही. एकदा माथेरानला बसवला होता, तर घोडेवाल्याच्या गळ्यात पडून खाली उतरला.

तर अशा माणसाला मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला बोलवावं लागलं. वडील नाहीत, मग काका तरी हवा ना बैठकीला. रविवार होता, पुण्यात रेस होती. ती सोडून आलो, हे त्यांनी चप्पल काढायच्या आधीच ऐकवलं.

मुलगी माझी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पहाटे निगडीहून कंपनीची बस धरते, घरी येऊन माझ्या गोळ्या, लाइटबिल, सोसायटीची भांडणं, सगळं तीच बघते. मुलगाही चाकणचाच, दुसऱ्या कंपनीतला. दोघं आकुर्डीला दोन-तीनदा भेटले होते, कॉफी प्यायले, स्टेशनपर्यंत चालत गेले. एरवी स्थळ म्हटलं की तोंड वाकडं करणारी माझी लेक एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, ह्याच्याशी बोलताना मला घड्याळ बघावंसं वाटत नाही." संपलं! मला आणखी काय कळायला हवं होतं? आता फक्त त्याच्या घरच्यांनी हो म्हणायचं होतं.

मुलगा, त्याची आई आणि आत्या अशी तिघं आली. जुनं गावातलं घराणं, आत्याच्या शब्दाबाहेर तिथं पान हलत नाही. भाऊजींना मी आधीच बजावलं होतं, "आज घोडा घरात आणायचा नाही." पोहे संपेपर्यंत आणला नाही. चहा आला, मुलगी ट्रे ठेवून बसली आणि भाऊजींना तिचं कौतुक करायची उबळ आली.

"एक सांगतो तुम्हाला," भाऊजी म्हणाले, "आमच्या पोरीला वरचं हँडिकॅप आहे. तरी बघा कशी पळते!"

आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि मुलीच्या पायांकडे बघितलं.

मी घाईघाईने म्हटलं, "अहो, तसं नाही, रेसमधला शब्द आहे तो."

"वहिनी, मी समजावतो," भाऊजी म्हणाले. समजावतात! "जो घोडा सगळ्यात चांगला, त्याच्यावर सगळ्यात जास्त वजन टाकतात. खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात."

"पट्ट्या घालून चालते व्हय?" आत्याबाई मुलाच्या आईला म्हणाल्या.

मग मी नीट, सावकाश, शाळेत सांगावं तसं सांगितलं. मुलगी धडधाकट आहे, घराचा सगळा भार उचलते, एवढंच भाऊजींना म्हणायचं होतं. चांगल्यालाच ओझं घालायचं आणि त्याला असलं नाव द्यायचं, ही अक्कल त्या रेसवाल्यांची, आमची नाही. मुलाच्या आईने मान डोलावली. आत्याबाई म्हणाल्या, "आसंल, आसंल. पर आमच्या मनाचं समाधान. पोरी, जरा दारापत्तुर चालून दाखीव."

मुलीने आत्याबाईंकडे बघितलंच नाही. तिने मुलाकडे बघितलं. स्टेशनपर्यंत तिच्या बरोबरीने चाललेला माणूस तो, एक वाक्य बोलायचं होतं. एवढा शिकलेला इंजिनियर बिस्कीट चहात बुडवून बसला होता. ते मऊ पडून कपात गळलं, तर चमच्याने शोधायला लागला.

मग ती काकांकडे वळली.

"काका, शर्यतीच्या आधी घोडे फिरवून दाखवतात, त्या जागेला काय म्हणतात?"

"पॅडॉक," काका खुशीत. घरात पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारलं होतं ना!

"आणि ऐनवेळी घोडा शर्यतीतून काढून घेतला तर?"

"स्क्रॅच."

"मग मी स्क्रॅच."

"अगं बया, कुठं खरचटलंय?" आत्याबाईंनी विचारलं.

मुलीने सगळ्यांचे कप गोळा केले, मुलाचा बिस्किटाचा गाळ असलेलाही, आणि ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेली. काय चालणं बघायचं होतं ते त्यांनी बघितलं, पाठमोरं.

निघताना मुलगा बूट घालता घालता मला हळूच म्हणाला, "काकू, मी बोलणारच होतो."

"बुटाची नाडी सुटलीय तुमची," मी म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आत आले तर नळ मोठा सोडलेला. विसळलेले कप ती पुन्हा विसळत होती. मी फडकं घेतलं आणि एकेक कप पुसायला लागले. बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका, तो घोडा गेटमधूनच निघाला नाही..."

मी पायाने स्वयंपाकघराचं दार लोटून दिलं.