टिचकीकाकांची टर्की

सकाळी डोळे उघडले की काका उशाशी ठेवलेल्या घड्याळाच्या काचेवर नखाने एक टिचकी मारत आणि मगच किती वाजले ते बघत. घड्याळ चांगलं चालू होतं. पण कुठल्याही काट्यावर पहिल्या नजरेत विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभावच झाला होता. न्हाणीघरातल्या वजनकाट्याला टिचकी, खिडकीबाहेरच्या थर्मामीटरला टिचकी, जिन्याखालच्या पाण्याच्या मीटरला येता-जाता उगाच एक. "काटा कधीकधी अडकून बसतो," ते म्हणत. "त्याला आधी जागं करावं, मग विचारावं."

जन्मभर त्यांनी कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. तिथे त्यांना टिचक्या म्हणत. निवृत्तीनंतर इमारतीतल्या पोरांनी त्याचं टिचकीकाका केलं. बायको मात्र यातलं काहीच म्हणत नसे. ती नुसतं "अहो" म्हणे, आणि त्या एका "अहो"चे तिच्याकडे इतके सूर होते की दुसऱ्या नावाची गरजच पडली नाही. ती गेल्यावर घरातली भांडी, पडदे, खुर्च्या सगळं जागच्या जागी राहिलं. तो शब्द तेवढा राहिला नाही.

रविवारी दुपारी टर्कीच्या छातीचा मोठा तुकडा ओव्हनमध्ये भाजायचा, हे तिचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं होतं. लहानपणी तिचा धाकटा भाऊ अर्धंकच्चं मांस खाऊन मरता मरता वाचला होता. ती भीती तिच्या हातात कायमची राहिली. तुकडा ओव्हनमध्ये जाई तो दुपार कलेपर्यंत तिथेच. ताटात येई तेव्हा त्याचे तंतू दोरासारखे सुटत आणि घास तोंडात फिरत राही.

"कोरडं झालंय का हो?" ती विचारी.

"छे. छान झालंय," काका म्हणत आणि पाण्याचा जग हळूच जवळ ओढत.

लेक लहान असताना एकदा म्हणाली होती, "आई, हे खाताना जबडा दुखतो." त्यावर आई म्हणाली होती, "दुखू दे. पोट दुखण्यापेक्षा बरा." विषय तिथेच संपला. सगळा संसार काकांनी त्या कोरड्या मांसाला छान म्हणण्यात काढला, आणि त्यांना ते कधी जड गेलं नाही.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काकांनी स्वतः टर्की करायचं मनावर घेतलं. दुकानातून दगडासारखा गोठलेला तुकडा आणला. आता तो वितळवायचा कसा? कारखान्यात थंडीच्या दिवसांत गोठलेले डबे सगळे जण वाफेच्या नळावर ठेवत, जेवायच्या सुट्टीपर्यंत ते मऊ होत. काकांच्या स्वयंपाकघरातही भिंतीलगत गरम पाण्याचा जाड नळ गेला होता. त्यांनी सकाळीच तुकडा त्या नळावरच्या फळीवर ठेवला आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन फिरायला गेले. संध्याकाळपर्यंत तो बाहेरून कोमट, लिबलिबीत झाला होता. आत मात्र बर्फ तसाच होता. भाजल्यावर वरून झकास तांबूस रंग आला, आणि काकांनी, कुठल्याही काट्यावर विश्वास न ठेवणाऱ्या काकांनी, नुसत्या रंगावर विश्वास ठेवला.

पुढचे काही दिवस ते अंथरुणातून न्हाणीघरापर्यंतही धड जाऊ शकत नव्हते. समोरच्या शेजारणीने दार ठोठावलं, किल्लीवाल्याला बोलावून उघडून घेतलं आणि लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या गावी बसच्या आगारात वेळापत्रकं लावायचं काम करी. ती धावत आली. आल्या आल्या तिने रुग्णालय, औषधं, चादरी, फ्रीज हे सगळं आपल्या हातात घेतलं. बोलण्याची ढब थेट आईची.

"बाबा, बॉयलरवर डबे ठेवायचे दिवस गेले हो. हे घर आहे."

"नळ तर तसाच गरम आहे की."

"म्हणूनच म्हणते. जंतूंना तुम्ही दिवसभर शेकोटी दिलीत."

जाताना मात्र तिची थट्टा संपली. आपल्या घरातली शिवणाची खोली तिने रिकामी करायला घेतली होती. काकांनी तिच्याकडे येऊन राहावं, असं तिचं म्हणणं. काकांनी ती खोली पाहिली होती. अरुंद पलंग, आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या घराची भिंत. पण त्यांना खोलीचं काही नव्हतं. या घरात बायको होती. म्हणजे नव्हती, पण तिने खिळे ठोकले होते तिथेच तवा लटकत होता, तिची खुर्ची तिच्याच बाजूला होती. हे घर सोडलं की तिला शोधायला जायचं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीला हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

ते एवढंच म्हणाले, "हिवाळा जाऊ दे. मग एक रविवार ये. मी करून घालतो. जमलं नसेल तर बॅग घेऊन निघू."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "टर्कीच?"

"टर्कीच."

"म्हणजे जिच्यामुळे पडलात तिच्याशीच कुस्ती. बरं. पण बॅग मी येतानाच घेऊन येईन."

अंगात बळ आल्यावर काका सगळ्यात आधी मांसाच्या दुकानात गेले. तिथली दुकानदारीण बोलायला फटकळ होती. नळाची गोष्ट ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"काका, तुम्ही जिवंत आहात हेच खूप. फ्रीजमध्ये वितळवायची. दोन-तीन दिवस आधीपासून, सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात. म्हणजे ठिबकलं तर दुसऱ्या कशावर ठिबकत नाही. धुवायची नाही, सगळ्या ओट्यावर शिंतोडे उडतात. पुरती वितळली की रात्रभर मिठाच्या पाण्यात, तीही फ्रीजमध्येच."

"मिठाने कोरडी नाही व्हायची?"

"उलट पाणी धरून ठेवते. आणि सुईचा थर्मामीटर घ्या. मधोमध, सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता. चौऱ्याहत्तर अंश झाले की खायची. रंग बघत बसू नका. रंग फसवतो."

रंग फसवतो, हे काकांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी गोल तबकडीचा, लांब सुईचा थर्मामीटर विकत घेतला. दुकानातच त्याला टिचकी मारली.

मग दर रविवारी काकांचा एकट्याचा सराव सुरू झाला. पहिल्या खेपेला त्यांचं मन थाऱ्यावर राहीना. दर थोड्या वेळाने ओव्हन उघडायचा, सुई खुपसायची, टिचकी मारायची, पुन्हा दुसरीकडे खुपसायची. काटा चौऱ्याहत्तरावर पोचेपर्यंत तुकड्याची चाळण झाली होती आणि सगळा रस खाली ट्रेमध्ये करपला होता. दुसऱ्या खेपेला सुई एकदाच खुपसली, पण काटा नेमका चौऱ्याहत्तरावर आल्यावर तुकडा बाहेर काढला, आणि टेबलावर असतानाच काटा आणखी वर चढत गेला. काका बघत राहिले. खाली आग नाही, बाजूला आग नाही आणि काटा चढतोय.

मग ते एकटेच हसले. हे तर ते रोज करत आले होते. बॉयलरचा काटा लाल रेघेवर आल्यावर आग ओढणारा माणूस एक दिवससुद्धा टिकला नसता. आग आधीच कमी करायची. पोटात साठलेली ऊब काट्याला उरलेलं अंतर आपसूक चालवते.

पुढच्या रविवारी त्यांनी तुकडा थोडा आधी बाहेर काढला, वर लोण्याचा हात फिरवला, सुई आत तशीच ठेवून फॉइलने सैलसर झाकला आणि हात मांडीवर ठेवून बसले. काटा हळूहळू चढला. चौऱ्याहत्तरावर आला. काकांनी टिचकी मारली. तिथेच राहिला. तरीही त्यांनी लगेच सुरी लावली नाही. रस आतल्या आत मुरू दिला.

पहिला काप ओलसर, मऊ होता. काकांनी घास घेतला आणि काटा-चमचा खाली ठेवला. इतकं चांगलं टर्कीचं मांस त्यांनी आयुष्यात खाल्लं नव्हतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. इतकी वर्षं जे तोंडातून काढलं नाही, ते आज ताटाने तिला सांगून टाकल्यासारखं झालं. त्यांनी पाण्याचा जग जवळ ओढला, पण पाणी लागलं नाही.

ठरल्या रविवारी लेक आली. हातात मोठी रिकामी बॅग होती. ती तिने दाराशीच ठेवली.

"वास तर चांगला येतोय," ती म्हणाली आणि सरळ फ्रीजकडे गेली. दुधाचा वास घेतला. डब्यांची झाकणं उघडून पाहिली. ओट्यावरच्या, कापायच्या दोन वेगवेगळ्या पाट्यांवर बोट फिरवलं.

"दोन कशाला?"

"एक कच्च्याची, एक शिजलेल्याची."

"हूं," ती म्हणाली. भिंतीवरच्या नळापाशी जाऊन तिने वरची फळी बघितली. फळीवर आता काकांनी जुना रेडिओ ठेवला होता.

काकांनी तुकडा बाहेर काढला, झाकला. लेकीने फॉइलकडे हात नेला तसा त्यांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"हात लावू नकोस. अजून चढतोय."

"आच तर बंद केलीत."

"म्हणूनच थांबायचं."

दोघं समोरासमोर बसले. आई गेल्यापासून असं काही न करता ती दोघं पहिल्यांदाच बसली होती. नाहीतर सारखी कामं होती, चादरी होत्या, औषधं होती. लेकीने टेबलावरचे नसलेले तुकडे बोटाने गोळा केले. बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावलं. मग ती म्हणाली, "खोलीला रंग दिलाय. फिका पिवळा."

"चांगला दिसत असेल."

"दिसतो."

काट्याला टिचकी बसली. काकांनी जाड भागातून काप काढले आणि तिच्या ताटात वाढले. सोबत बटाटे, उकडलेल्या शेंगा. तिने पहिला काप संपवला आणि दुसरा घेतला.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "आईची अशी नव्हती हो कधी."

"नव्हती."

"आणि तुम्ही दर वेळी छान म्हणायचात. मला वाटायचं तुम्हाला जीभच नाही."

"ती समोर बसलेली असायची ना," काका म्हणाले.

स्वतःला वाढताना त्यांनी सुरी दुसऱ्या टोकाला नेली. छातीचा तुकडा तिथे निमुळता होत जातो. कितीही काळजी घ्या, तेवढा भाग कोरडा पडतोच. तो त्यांनी आपल्या ताटात घेतला.

"अहो, ते चिवट आहे. इकडचं घ्या."

"असू दे. मला हे लागतं."

लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते सावकाश चावत होते. मग तिने पाण्याचा जग उचलून त्यांच्यापाशी ठेवला.

जेवण झाल्यावर उरलेलं मांस काकांनी तिच्यादेखत डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवलं, थोडं तिला बांधून दिलं. तिने भांडी घासली. हात पुसत ती दाराशी गेली, बॅगकडे बघितलं आणि म्हणाली, "रविवारी मी फोन करत जाईन. जेवायच्या वेळेला. उचलला नाहीत तर शेजारणीला पाठवीन, मग तुमचं आणि तिचं काय ते बघा."

"म्हणजे मी इथेच?"

"तुम्हालाच तर इथे राहायचंय ना?"

काकांनी मान हलवली. बॅग त्यांनी स्वतः उचलली आणि जिना उतरून बसथांब्यापर्यंत नेली. रिकामी बॅग अगदी हलकी होती. बस वळणाआड गेल्यावर ते परत आले आणि आतल्या खोलीत गेले. पलंगावर त्यांचे शर्ट, पायजमे, स्वेटर आणि बायकोची एक जुनी शाल, सगळं घड्या घालून नीट रचून ठेवलं होतं. सकाळीच ठेवलं होतं, लागलं तर म्हणून. लेक आतल्या खोलीत आलीच नव्हती. ती एकदा तरी "तरीपण चला" म्हणेल, असं त्यांना कुठेतरी वाटलं होतं की काय, हे त्यांना स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. त्यांनी एकेक कपडा उचलून कपाटात परत लावला. शाल तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली.

त्यानंतर काका त्या घरात बरीच वर्षं राहिले. रविवारी एकटेच टर्की करत, मधले काप शेजारणीकडे पोचवत, टोकाचा काप स्वतः खात. शेजारीण म्हणे, "काका, तुमच्या हाताला काय चव आहे हो." त्यावर ते म्हणत, "हाताला नाही, थांबण्याला." दुपारी फोन वाजे. बोलणं फार नसे. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, बस वेळेवर सुटतात का.

शेवटच्या रविवारीही फोन वाजला आणि त्यांनी उचलला. म्हणूनच लेकीने शेजारणीला पाठवलं नाही. मधले काप आले नाहीत म्हणून शेजारीण आपणहूनच संध्याकाळी गेली, तेव्हा काका टेबलापाशी बसल्या बसल्या गेलेले होते. समोर तुकडा तसाच झाकलेला होता, सुई आत, सुरी न लावलेली. काटा केव्हाच खाली उतरला होता.

फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता का, हे लेक पुढे कितीदा तरी आठवून बघत राहिली. नव्हता. ती जेवता जेवताच बोलत होती. "झालं का जेवण?" एवढंच तिने विचारलं होतं.

"आत्ताच बाहेर काढलीय, झाकून ठेवलीय," काका म्हणाले होते. "तू घे जेवून, तुझं गार होतंय."