पत्रा उडत नाही

चौकातल्या चबुतऱ्यावरच्या विमानाला ट्रकने धडक दिली तेव्हा पत्रेकाका गॅरेजमध्ये डबा खात बसले होते. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचं खरं नाव लोकांना फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं, एरवी ते सगळ्यांचे पत्रेकाका. विमान महायुद्धातलं होतं, एका माणसाचं, एका इंजिनाचं. लढाई संपल्यावर ते चौकात आणून बसवलं होतं आणि दर दोन-चार वर्षांनी त्याच्यावर रंगाचा नवा हात फिरायचा. आता त्याच्या एका पंखाला भगदाड पडलं होतं. नगरपालिकेच्या साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि जवळच्या गॅरेजकडे बोट दाखवलं.

"पत्राच आहे ना? मग बोलवा पत्रेवाल्याला."

काका हातोडी आणि लोखंडी ठोकळा घेऊन शिडीवर चढले. भगदाडातून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तसेच थांबले.

"काय झालं?" साहेब खालून ओरडले. "साप आहे का आत?"

"नाही साहेब. काहीच नाही."

तेच तर नवल होतं. येता-जाता इतकी वर्षं पाहिलेलं ते धूड आतून पोकळ होतं. ओळीने लावलेल्या फासळ्या, त्यांना जोडणाऱ्या बोटभर पट्ट्या आणि वरून रिव्हेट मारून बसवलेला पत्रा. तोही कुठल्याही मोटारीच्या बॉनेटपेक्षा पातळ. एवढ्याशा पत्र्याच्या भरवशावर माणूस आभाळात जाऊन लढला होता. काकांनी भगदाड बुजवलं, कडा घासल्या, साहेबांनी पाठ थोपटली, पण काकांचं लक्ष कुठे होतं! संध्याकाळी घरी आले ते चपला पायात ठेवूनच बायकोच्या शिलाई मशीनसमोर उभे राहिले.

"अगं, आपण एक विमान करू."

कपडे शिवून घर चालवायला हातभार लावणाऱ्या काकूंनी पायाखालची पट्टी थांबवली नाही. "आधी मोरीचा नळ करा. आठवडाभर गळतोय."

नळ त्याच रात्री दुरुस्त झाला. दुसऱ्या दिवशी विमानाला सुरुवात झाली.

काकूंचा धाकटा भाऊ टेंपो चालवायचा. त्याला दोनच गोष्टींचा अभिमान होता, एक टेंपोचा आणि दुसरा मिशीचा. भरघोस, दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी. विमान पत्र्याचं करायचं आहे आणि ते उडवायचंही आहे, हे कळल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"भावोजी, कापडाचं करा, लाकडाचं करा. लोक करतात. पत्रा उडत नाही."

"मग ते चौकातलं?"

"तेही उडत नाहीये. चबुतऱ्यावर बसलंय."

"माझं उडेल."

"उडालं तर मिशी उतरवतो!"

काकू मशीनवरून म्हणाल्या, "मी ऐकलंय हं. साक्षीदार आहे."

विमान खऱ्याच्या एक पंचमांश मापाचं ठरलं. तरीही पंखांची टोकं मागच्या खोलीच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली आणि पाहुण्यांची गादी माळ्यावर गेली. सांगाडा प्लायवूडचा. इंजिन झाडं कापायच्या यांत्रिक करवतीचं, जुनं पण खणखणीत. पत्र्यासाठी काका वर्तमानपत्राच्या छापखान्यात गेले. तिथे छपाईच्या ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटा एकदा वापरल्या की भंगारात जातात. काकांनी त्या आणून छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर अशा लावायला घेतल्या. त्यामुळे विमानाच्या डाव्या पंखाच्या पोटात एका निवडणुकीचा निकाल आहे आणि उजव्या पंखात साड्यांच्या सेलची जाहिरात.

सपाट पत्रा चिकटवणं सोपं. गोलाई आली की तो हट्टाला पेटायचा, सुरकुत्या पाडायचा, तडकायचा. काकांना त्यावरचा इलाज ठाऊक होता. पत्र्यावर अंगाचा साबण चोळायचा आणि खालून ज्योत फिरवायची. साबण तपकिरी झाला की ज्योत बाजूला. मग पत्रा इतका मऊ पडतो की अंगठ्याने वळवावा. घरात त्या काळात अंघोळीला साबण कमी आणि विमानाला जास्त लागला.

पंख जिथे अंगाला मिळतो ती जागा मात्र काकांनाही दाद देईना. एकाच वेळी दोन्हीकडे वळणारा तो भाग. तीन पत्रे वाया गेल्यावर ते दारात डोकं धरून बसले. काकू आत गेल्या, विमानाभोवती एक चक्कर मारून आल्या.

"अहो, ही तर काख आहे. एका तुकड्यात कशी बसेल? कळी घालावी लागेल."

त्यांनी जुन्या कागदाचा नमुना बेतला, टाचण्या लावून विमानाच्या अंगावर बसवून पाहिला, कळी कुठे घालायची ते खुणेने दाखवलं. पत्रा पहिल्या झटक्यात बसला. काका आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण काही पडलं का बघायला आली. त्या दिवसापासून विमानाचे सगळे नमुने काकू बेतायच्या आणि काका पत्रा कापायचे.

काकांचा एकच नियम होता. खऱ्याला जे आहे ते याला असलंच पाहिजे आणि खऱ्याला जे नाही ते याला दिसता कामा नये. सुट्टीच्या दिवशी ते चौकात जाऊन रिव्हेटच्या ओळी कागदावर उतरवून घ्यायचे. घरी आल्यावर इंजेक्शनच्या सुईचं टोक घासून बोथट करायचं आणि तेवढे सगळे रिव्हेट पत्र्यावर एकेक दाबून उमटवायचे. चौकातल्या हवालदाराने पहिल्यांदा हटकलं, नंतर शिडी धरायला लागला. खऱ्या विमानाच्या पाठीवर, चालकाच्या काचेमागे, एक हातभर उंचीचा खांब होता आणि त्याच्या टोकापासून शेपटीच्या सुकाणूपर्यंत एक तार ताणलेली होती. काकांनी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलवर लाकडाच्या चिपा चिकटवून तसाच खांब केला आणि काकूंच्या शिवणाच्या पेटीतला नायलॉनचा दोरा काळा रंगवून तिथे ताणला. ती तार कशाची, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. खऱ्याला होती म्हणून याला.

विमान पुरं झालं आणि बातमी आली की गावाबाहेरची जुनी धावपट्टी जाणार. तिथे मालाचे कंटेनर ठेवायचं ठरलं होतं. सोमवारपासून तारेचं कुंपण. एवढं जड विमान उडवायला लांब पट्टी लागते आणि आसपास तेवढी दुसरी नव्हती. म्हणजे उडालं तर या रविवारी, नाहीतर कायमचं मागच्या खोलीत.

रविवारी मेहुण्याने टेंपोत गाद्या अंथरल्या. पंख वेगळे काढून, चादरीत गुंडाळून विमान नवरीसारखं जपून नेलं. पट्टीवर चष्मेवाले वाट पाहत होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, स्वतःच्या नाकावर मात्र चष्मा नव्हता, आणि रिमोटवर विमान उडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. उन्हात झगमगणारं ते विमान बघून ते पाच मिनिटं नुसते त्याच्याभोवती फिरले.

"काका, हे उडवताना माझे हात थरथरणार."

"आता थरथरू द्या," काका म्हणाले. "वर गेल्यावर नको."

इंजिन सुरू करण्याआधीचा चष्मेवाल्यांचा एक शिरस्ता होता. रिमोट घेऊन दूर चालत जायचं आणि पंखांची आणि शेपटीची हलती पाती, सुकाणू वगैरे, तिथूनही रिमोटचं ऐकतात का ते पाहायचं. मेहुण्याने शेपूट धरली. काकू पात्यांकडे बघून ओरडून सांगायला लागल्या, "हललं! हललं! हललं!" चष्मेवाले पट्टीच्या कडेपर्यंतही पोचले नसतील, तोच काकू गप्प झाल्या. सुकाणू एकदा थरथरलं आणि वाकडं होऊन तसंच राहिलं.

चष्मेवाले चार पावलं पुढे आले, सुकाणू हललं. मागे गेले, मेलं. असं तीनदा झालं.

"घरी तर छान चालत होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"घरी रिमोट किती लांब होता?"

"खोलीच्या दारात."

चष्मेवाल्यांनी काच सरकवून आत पाहिलं. रिमोटचा हुकूम पकडणारा रिसीव्हर चालकाच्या जागेखाली होता आणि त्याच्या एरियलची दोन-अडीच हात लांब तार काकांनी पोटातच नीट गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवली होती. "झालं," ते म्हणाले. "काका, तुम्ही चहूबाजूंनी पत्रा मारलाय. एरियल डब्यात बंद. रिमोटचं बोलणं आत पोचणार कसं? लाकडाच्या विमानात हे चालतं, याच्यात नाही चालणार."

"पत्रा उडत नाही," मेहुणा हळूच म्हणाला. पण जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

"इलाज आहे," चष्मेवाले म्हणाले. "शेपटीला भोक पाडू, तार बाहेर लोंबती सोडू. सगळे करतात."

"खऱ्याला लोंबती शेपूट होती?"

"अहो काका, खरं-खोटं आज सोडा! उद्या इथे कुंपण आहे."

काकांनी खिशातलं गिरमिट काढलं, विमानाच्या शेपटीशी गुडघे टेकून बसले. टोक पत्र्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी पत्र्यातली भोकं बुजवली होती. स्वतःच्या हाताने कोऱ्या पत्र्याला भोक पाडायची ही पहिलीच वेळ. हात सरकवायला जागा करावी म्हणून त्यांनी पाठीवरचा काळा दोरा बोटाने बाजूला केला. दोरा टणकन वाजला.

काका त्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग खांबाकडे बघितलं. मग एकदम उठून उभे राहिले आणि गिरमिट गवतात भिरकावलं.

"अरे, मी गाढव आहे!"

"काय झालं?" तिघेही एकदम म्हणाले.

"ही तार! ही एरियलच आहे! त्या लोकांचं विमानही पत्र्याचंच होतं ना? त्यांचाही रेडिओ डब्यातच होता! त्यांनी तार बाहेर काढली, या खांबातून, इथून शेपटीपर्यंत! आणि मी ती बघून बघून हुबेहूब केली आणि तिच्या जागी दोरा बांधला!" काकांना हसू आवरेना. ते चष्मेवाल्यांचे खांदे धरून गदागदा हलवत होते. "जागा तयार आहे. खांब पोकळ आहे. भोक पाडायची गरजच नाही!"

चष्मेवाल्यांनी अंतर नजरेने मोजलं. खांब ते शेपूट, वर खांबाची उंची. "अहो, तार बरोब्बर पुरतेय!"

काकांनी काळा दोरा सोडवला. पण रिफिल किती अरुंद, आणि तार लुळी. आतून वर ढकलली की वळून खाली येई. काकांची जाड बोटं आत मावेनात. काकूंनी त्यांना बाजूला केलं.

"सरका. नाडी कधी ओवलीय का आयुष्यात? आधी दोरा ओवू, मग दोऱ्यामागून तार."

त्यांनी पर्समधून रीळ काढलं, हात आत घातला, दोऱ्याचं टोक रिफिलच्या तोंडाशी लावलं. पण दोराही मध्येच अडला. "वरून कोणीतरी ओढून घ्या. तोंडाने! छाती मोठी कोणाची?"

सगळ्यांनी टेंपोवाल्याकडे पाहिलं.

"मी? मी ओढू? माझी मिशी पणाला लागलीय, ताई!"

"मग तुझ्याशिवाय कोणाला जोर येणार?"

मेहुण्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, विमानावर वाकला, खांबाचं टोक ओठांत धरलं आणि शरबत ओढावं तसा दम ओढला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. फुर्रकन दोरा त्याच्या तोंडात. तो थुंकला तर थुंकी निळी.

"भावोजी, रिफिल धुतली नव्हती?"

"रिकामी होती म्हणून घेतली," काका म्हणाले. "धुवायची कशाला?"

मेहुण्याचे ओठ, दात आणि मिशीचा मधला भाग निळा झाला होता. काकू हसता हसता दोऱ्याला तार बांधत होत्या. गाठ अलगद वर आली, पाठोपाठ तार आली. काकांनी रबराचा छोटा तुकडा मध्ये घालून तिचं टोक सुकाणूला अडकवलं, पत्र्याला लागू न देता. लांबून पाहिलं तर काडीचा फरक नाही. हुबेहूब खरं विमान.

चष्मेवाले रिमोट घेऊन निघाले. "हललं! हललं!" काकू ओरडत राहिल्या. ते पट्टीच्या टोकाला गेले, ठिपक्याएवढे झाले. "हललं! अहो, अजून हलतंय!"

चष्मेवाले परत आले आणि करवतीचं इंजिन दुसऱ्या झटक्याला पेटलं. काकांनी पंखाच्या टोकावरून एकदा तळवा फिरवला, गॅरेजमधून गाडी सोडताना फिरवायचे तसा, आणि मागे झाले. विमान धावायला लागलं. जड, डुलत, खडखडत. अर्धी पट्टी गेली. चाकं जमिनीलाच. मेहुणा आपल्याच नकळत त्याच्यामागे धावत होता आणि ओरडत होता, "ऊठ! ऊठ की! ऊठ ना रे!"

शेपूट उचलली गेली. मग चाकांखाली उजेड दिसला, बोटभर, हातभर. आणि पत्रा उडाला.

वळताना त्याने ऊन अंगावर घेतलं आणि एका क्षणात सगळे रिव्हेट ओळीने चमकले. काका तोंड उघडं ठेवून गोल गोल फिरत होते. काकूंनी त्यांचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर बघितलं तर नखांच्या खुणा. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा चौघेही वाकले, आणि चौघेही ओरडले.

उतरताना ते एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि गवताच्या कडेला थांबलं. उजव्या चाकाजवळ पत्र्याला नखाएवढा पोचा आला होता. काकांनी त्यावर अंगठा फिरवला आणि खुशीत मान हलवली. आयुष्यभर ज्याचं खाल्लं, ते काम पुन्हा हातात आलं होतं.

"चला," काकू भावाला म्हणाल्या. "न्हाव्याचं दुकान उघडं असेल."

मेहुण्याने निळ्या मिशीला पीळ दिला. "ताई, एकदा काय, नशिबानेही उडतं. वारा असतो, उतार असतो. दुसऱ्यांदा उडालं तर मानतो."

काकांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी टाकीतलं पेट्रोल पाहिलं, मग सूर्य पाहिला. दोन्ही पुरेसे होते.

"धर शेपूट," काका म्हणाले.

मेहुण्याने धावत जाऊन शेपूट धरली.